काजू कारखान्यात सगळ्यांना सारखं वागवायचं तर सुरुवात कुठून करू?

सड्यावरची:
नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ एका काजू कारखान्यात मी ऑफिस सांभाळते, हजेरी पगार सगळं माझ्याकडेच. आम्ही ६४ जण, त्यात ४७ बायका. साल काढणं आणि ग्रेडिंग बायकांकडे, बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर पुरुषांकडे. आता एका खरेदीदाराने आमची समावेशकतेची पॉलिसी मागवलीय. मालक म्हणतात नेटवरून उतरवून घे आणि सहीला आण. मला तसं करवत नाही कारण रोज समोर दिसतंय ना, मशीनवर कालच लागलेल्या पोराची रोजची मजुरी १२ वर्षं ग्रेडिंग करणाऱ्या काकींपेक्षा जास्त आहे. झारखंडची पोरं वेगळी बसून जेवतात, त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, ए भैय्या झालं. आणि पाण्याच्या पिंपाजवळ दोन ग्लास आहेत, एक कोणासाठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. शिमगा-गणपतीला कारखाना बंद, ईदला मात्र नेमकं डिस्पॅच निघतं. मालक माणूस वाईट नाही, त्यांना पटेल असं कुठून सुरू करू?

खाडीकाठ:
ताई, आधी पगार बघा, बाकी सगळं त्याच्या मागून. एकाच किंवा सारख्या कामाला बाई-पुरुष म्हणून वेगळा पगार देता येत नाही, १९७६ पासून तसा कायदा होता आणि आता वेतन संहितेत तीच तरतूद आहे. पण मालक म्हणतील कामंच वेगळी आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे, बायकांना मशीन कोणी शिकवतच नाही. आणि ग्रेडिंग हलकं काम कोणी ठरवलं? पौंडात २२० ते २४० गर बसले तर २४० नंबर, ३०० ते ३२० बसले तर ३२०. हे वजनकाटा न लावता नुसत्या नजरेने दिवसभर निवडायचं, त्यावर तुमच्या मालाचा भाव ठरतो, हे कसब नाही तर काय आहे? दुसरं, १० किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष बाईच, निम्म्या तरी बायका आणि एक सदस्य बाहेरचा. ५० किंवा जास्त असलात तर पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. यातलं तुमच्याकडे काय आहे?

जांभादगड:
मला तर तो ग्लास वाचून झोप लागली नाही. चवदार तळं आपल्याच महाडात आहे हो, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, शंभर वर्षं होत आली आणि आपण अजून ग्लास वेगळे ठेवतोय. माझी आई अशाच एका युनिटमध्ये होती, ती घरून बाटली न्यायची, विचारलं की सांगायची तिथलं पाणी बाधतं. खूप मोठा झाल्यावर मला कळलं काय ते. नोटीस लावू नका, दोन्ही ग्लास उचला आणि एकसारखे डझनभर आणून ठेवा. पहिल्या दिवशी मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर त्यातलाच एक उचलून पाणी प्यावं.

तिठ्यावरचो:
तुमचा म्हणणा बरोबर आसा, पण सगळा एकदम काढू नका. ऑर्डर गेली तर पहिली घरी बसतली ती तीच ४७ बायलमाणसां. आधी पॉलिसी पाठवा, मगे एकेक करा.

खाडीकाठ:
दादा, पण पॉलिसीत लिहिलेलं खरेदीदार कधीतरी बघायला येणारच. त्या दिवशी खोटं उघडं पडलं तर ऑर्डर तशीही जाईल.

सड्यावरची:
सगळ्यांचे आभार. समिती आमच्याकडे नव्हती, पाळणाघर पण नाही, हे मलाच आधी कळायला हवं होतं. काल मालकांना पगाराचा तक्ता दाखवला, ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले ग्रेडिंगचा दर या हंगामापासून बदलू. कटिंग मशीन शिकायला दोघींनी नावं दिली, त्यातली एक हळूच विचारत होती ड्रेस घातला तर चालेल ना, पदर पट्ट्यात अडकेल म्हणून. मी हो म्हटलं. त्या झारखंडच्या पोरांची नावं हजेरीत नीट लिहून घेतली, आता त्याच नावाने हाक मारते. ग्लास आज बाजारातून घेतलेत. सोमवारी ठेवते.