रात्री अख्ख्या मजल्याला एकच सिस्टर, काय करता येईल? (मदत हवी आहे)

पाथर्डीफाटेकर
तातडीनं मदत हवी आहे. सासूबाई नाशिकला मुंबई नाक्याजवळ एका खाजगी हॉस्पिटलात आहेत. रात्री मजल्याला एकच सिस्टर. बेल दाबून दाबून कंटाळलो. सलाईन संपून नळीत रक्त चढलं तरी कोणी फिरकलं नाही. इनचार्ज म्हणतात, बाहेरून मावशी लावा, पैसे तुमचे. नियमानं किती सिस्टर हव्यात? बिल कमी करून घेता येईल का? फालतू सल्ले नकोत.

गोदाकाठचा_नाना
वय काय? कशासाठी अ‍ॅडमिट? जनरल की आयसीयू? मजल्यावर पेशंट किती? मेडिक्लेम आहे का? काहीच सांगायचं नाही आणि वर सल्ले नकोत!

खवय्या_नाशिककर
त्या भागात घरगुती डबा हवा असेल तर खाजगी मेसेज करा. वहिनी देतात, तिखट कमी सांगता येतं.

पाथर्डीफाटेकर
७४ वय. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालंय. जनरल वॉर्ड, २०-२२ पेशंट. मेडिक्लेम आहे. डबा नको.

सातपूर_एक्स्प्रेस
सरळ सिव्हिलला हलवा. फुकटात होईल.

निवृत्त_सिस्टर
ताज्या ऑपरेशनचा पेशंट असा हलवतात का? पाथर्डीफाटेकर, नियम नंतर. आधी आजींच्या माकडहाडापाशी आणि टाचांना बघा. कातडी लाल असेल तर बोटानं दाबा. दाबल्यावर लाली जात नसेल तर बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. लगेच ड्युटी डॉक्टरांना दाखवा, एअर मॅट्रेस मागा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, पण कुठली कूस चालेल आणि पायांमध्ये उशी कशी ठेवायची ते सर्जनना विचारूनच.
भारतीय परिचर्या परिषदेचं (नर्सिंग कौन्सिलचं) प्रमाण साध्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ५ पेशंटला १ सिस्टर, टीचिंग हॉस्पिटलात ३ ला १, आयसीयूत १ ला १. शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. एकटीनं बावीस जण बघायचे तर औषधं आणि बीपी उरकेपर्यंत पहाट होते. कूस कोण बदलणार?

खाटा_तीस
मी छोटं हॉस्पिटल चालवतो. कागदावरचं प्रमाण वाचायला सोपं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी हाताखाली तयार झाली की सरकारी भरतीत जाते, नाहीतर आखातात. ५ ला १ ठेवली तर खाटेचं भाडं वाढवावं लागेल. मग तुम्हीच बोंबलणार.

आकडेमोड
हे रडगाणं जुनं झालं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडनं २०१६ मध्ये काही सरकारी हॉस्पिटलांत दिवसा ४ ला १ आणि रात्री ७ ला १ असं बंधन घातलं. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब आला: पेशंट लवकर घरी गेले, परत भरती कमी झाल्या, आणि जादा नर्सेसवर जेवढा खर्च झाला त्याच्या दुपटीहून जास्त वाचला. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातला २००२ चा अभ्यास तर प्रसिद्धच आहे. नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटांत ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

खाटा_तीस
तिथे वाचलेले पैसे सरकारच्याच खिशात राहिले. माझे कोण देणार?

गोदाकाठचा_नाना
हेच तर! बेडसोअर होऊन पेशंट चार दिवस जास्त राहिला की तुमचं बिल फुगतं. मग सिस्टर वाढवायची गरजच काय?

खाटा_तीस
पॅकेज, म्हणजे ऑपरेशनचे एकरकमी पैसे आधीच ठरलेले असतील, तर उलटं असतं नाना. जादा दिवस आमच्या अंगावर येतात. माहीत नसताना आरोप करू नका.

आकडेमोड
मग धागाकर्त्यानं आधी तेच बघावं, पॅकेज की रोजचं भाडं. रोजचं असेल तर बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ वेगळे लावलेत का पाहा. ते घेऊन वर मावशी तुमच्या पैशानं लावा म्हणत असतील तर भांडायला जागा आहे. मावशीचे पैसे मेडिक्लेममधून सहसा मिळत नाहीत. २०२१ च्या राज्याच्या नियमांनुसार दरपत्रक दर्शनी लावावं लागतं, त्याचा फोटो काढा.

पाथर्डीफाटेकर
माकडहाडापाशी लाल आहे, दाबून जात नाही. डॉक्टर बघून गेले, मॅट्रेस येतेय. रोजचं भाडं आहे आणि नर्सिंग चार्जेस वेगळे लावलेत!! लेखी तक्रार देतोय. रात्रीच्या सिस्टरचं नाव घालू का?

निवृत्त_सिस्टर
मुळीच नको, तिलाच मेमो मिळेल. तारीख, पाळी, पेशंट किती, सिस्टर किती, सलाईन कधी संपलं आणि कधी बदललं, एवढंच लिहा. मेट्रनला (सिस्टरांच्या प्रमुखांना) द्या आणि पोच घ्या. खाजगी हॉस्पिटलची नोंदणी महापालिकेकडे असते, दाद लागली नाही तर तीच प्रत वैद्यकीय विभागात. आणि आज रात्री घरचं कोणीतरी थांबा, मॅट्रेस आली तरी कूस बदलावीच लागते.