इसवण (सुरमई), बांगडे आणि पास्ता: घाईच्या रात्रीचं जेवण

रोज रात्री हुमण (माशाची आमटी)-भात करायला वेळ असतोच असं नाही. मासे घालून पास्ता अर्ध्या तासात होतो, पण बहुतेक वेळा मासा तरी चुरतो नाहीतर पास्ता तरी कोरडा होतो. हात बसलेल्यांनी मापासकट लिहावं. खाली गोव्यातल्या गावागावांतून आलेली उत्तरं.

म्हापसा
दोघांना 200 ग्रॅम स्पॅगेटी, 2 लीटर पाणी, 20 ग्रॅम मीठ (शिगोशीग एक मोठा चमचा). इसवण 250 ग्रॅम, मधला काटा आणि साल काढून दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे. मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि कागदाने अगदी कोरडे टिपा. ओला मासा तव्यात पाणी सोडतो, मग तो भाजला न जाता शिजतो आणि चिकटतो.

पसरट कढईत 3 मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मंद आचेवर चार पाकळ्या लसणाचे पातळ काप. कडा पिवळसर झाल्या की लसूण बाहेर काढा, करपला तर सगळं कडू होतं. आच वाढवून तुकडे एका बाजूने दीड मिनिट, दुसऱ्या बाजूने एक मिनिट परता आणि ताटलीत काढा. मासा कढईत ठेवून पुढचं काम करायला गेलात की चुरा झालाच म्हणून समजा.

पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उचला. निथळायच्या आधी त्याचं पाणी वाटीभर बाजूला ठेवा, खरी चव जमते ती त्यावर. कढईत पास्ता, अर्धी वाटी पाणी आणि लसूण घालून मोठ्या आचेवर कढई हलवत राहा. आधी तेल वेगळं तरंगताना दिसतं. दीड-दोन मिनिटांत पाणी गढूळ, दाट होऊन प्रत्येक धाग्याला चिकटतं. तळाशी तेल दिसलं तर आणखी दोन चमचे पाणी. मासा शेवटी, आच बंद करून.

मडगाव
बांगड्याला हीच रीत, फक्त तो अख्खा भाजा. दोन मध्यम बांगडे, प्रत्येक बाजूला चार-चार मिनिटं. भाजल्यावर मधला काटा सलग निघतो; बाजूचे बारीक काटे मात्र बोटांनी चाचपून काढावेच लागतात. तेलकट मासा आहे, तेव्हा एका लिंबाचा रस हवाच, पण आच बंद केल्यावर. चीज नको, माशाची चव दबते. त्याऐवजी कालच्या पोयचा (गोव्याच्या पावाचा) चुरा चमचाभर तेलात कुरकुरीत भाजून वरून पेरा.

पेडणे
नारळाचं दूध घालणार असाल तर पहिलं जाड दूध, एक वाटी, अगदी मंद आचेवर. उकळी फुटली की फाटतं. सोलं (आमसुलं) घालायची तर आधी पाण्यात भिजवून ते आंबट पाणी शेवटी घाला. चणक (जिताडा) मासा यात छान लागतो. पास्ता रव्याचा घ्या, मैद्याचा लगेच गिळगिळीत होतो.

वास्को
1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी सुंगटं (कोळंबी) वापरा. डोकी-शेपट्या काढून मूठभर कोरडी भाजा, लसणासोबत तेलात घाला. ती खारट असतात, म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठ निम्मं, 10 ग्रॅमच. वरून मीठ घालू नका.