मदत हवी आहे: युद्धानंतरच्या लष्करी लिलावांची कागदपत्रं

नमस्कार मंडळी. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा जीप, ट्रक, मोटारसायकली लिलावात निघाल्या. आपल्याकडे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणायचे ती हीच. केंद्र सरकारचं डिस्पोजल्स खातं ही विक्री बघायचं. अमेरिकी फौजेचा इथला माल १९४६च्या करारानंतर भारत सरकारकडे आला.

आमच्याकडे आजोबांनी घेतलेली बीएसए एम२० मोटारसायकल आहे, ५०० सीसी साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं इंजिन). टाकीचा रंग खरवडला तर खाली खाकी! इंजिन नंबर ‘डब्ल्यूएम२०’ने सुरू होतो, म्हणजे गाडी युद्धकाळातलीच. पण ती खडकीतून आली की देवळालीहून, हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

१९४५ ते ५० दरम्यानच्या लिलावाच्या जाहिराती, लॉटच्या याद्या किंवा विक्रीची पावती कुणाकडे आहे का? ‘केसरी’चे जुने अंक चाळणार आहेच, पण अशा जाहिराती इंग्रजी पेपरांतच जास्त सापडतील असं वाटतं. जुनी आरटीओ रजिस्टरं पुण्यात कुठे बघायला मिळतात? जुन्या बाजाराचा सल्ला कृपया नको. तिथे पार्ट मिळतात, कागद नाही. नॉर्टन, मॅचलेस मोटारसायकल आणि विलीस जीपवाल्यांनीही आपापल्या गाडीची कागदपत्रं जरूर दाखवा.