ॲसिटोनायट्राइलच्या जागी तितकंच मेथॅनॉल चालत नाही

एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीत) सी-१८ कॉलमवर पाण्यातलं 40 टक्के ॲसिटोनायट्राइल काढून 40 टक्केच मेथॅनॉल घातलं आणि सगळे पीक (आलेखावरचे घटकांचे उंचवटे) फार उशिरा आले, कॉलम गेला का, असा प्रश्न आहे. कॉलम ठीक आहे, तो फेकू नका. रिव्हर्स्ड फेजमध्ये (सी-१८सारखा तेलकट कॉलम, त्यातून पाणीमिश्रित द्रावक) घटकांना कॉलममधून बाहेर काढायला मेथॅनॉलची ताकद कमी पडते. 40 टक्के ॲसिटोनायट्राइलला साधारण 50 टक्के मेथॅनॉल बरोबरीचं धरा आणि तिथून थोडं थोडं सरका. 10 टक्के फरकाने रिटेन्शन फॅक्टर (घटक कॉलममध्ये किती अडकून राहतो त्याचं माप) दोन-तीन पट बदलतो, म्हणून घाई नको.

वेळ जुळली तरी क्रम जुळेलच असं नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेथॅनॉल हायड्रोजन बंध देतंही आणि घेतंही. ॲसिटोनायट्राइल मुख्यतः द्विध्रुवी ओढीने काम करतं. त्यामुळे एकात चिकटलेले दोन पीक दुसऱ्यात सुटे होऊ शकतात, किंवा जागा बदलतात. प्रत्येक स्टँडर्ड (ओळख माहीत असलेला शुद्ध नमुना) वेगळं इंजेक्ट करून ओळख पटवाच.

प्रेशर वाढेल. मेथॅनॉल-पाणी निम्मं-निम्मं असताना मिश्रण बरंच घट्ट होतं. कॉलम 40 अंशांवर ठेवला की उतरतं. 210 नॅनोमीटर तरंगलांबीखाली मोजत असाल तर बेसलाइनही (पीक नसतानाची रेषा) बघा.

अजून एक: 500 मिली मेथॅनॉल सिलिंडरमध्ये घेऊन त्यातच लिटरच्या खुणेपर्यंत पाणी ओतू नका. मिसळताना आकारमान आक्रसतं, पाणी जास्त जातं आणि पीक पुन्हा उशिरा येतात. दोन्ही वेगवेगळे मोजा, मग एकत्र करा.