आराखडा आधी की खर्डा आधी?

कासव: "आराखड्याविना कादंबरी लिहिणे म्हणजे स्वतःचा गोंधळ वाचकाकडून उपसून घेणे," असे येथे परवा कुणीतरी ठणकावले, तो राग अजून उतरलेला नाही. मीही एकदा चाळीस प्रकरणांचा तक्ता भिंतीवर डकवला होता. अकराव्या प्रकरणात जी आत्या मरायची होती ती लिहिता लिहिता अशी काही बोलू लागली की तिला मारण्यास हात धजेना, आणि तक्ता मात्र रोज भिंतीवरून तिचा मृत्यू मागत राहिला. शेवटी तक्ता फाडला, तेव्हा कादंबरी पूर्ण झाली. 'कोसला' काय तक्ते मांडून लिहिली होती?

दौत: ते वाक्य माझेच, आणि 'कोसला'चे नाव निघणार हेही ठाऊक होते. ती एकाच माणसाच्या तोंडची कहाणी आहे. वीस सरदार आणि दोन आघाड्या सांभाळताना काय कराल? पानिपतावरच्या माझ्या पहिल्या खर्ड्यात १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी शिंदे, फेब्रुवारीतल्या उदगीरच्या विजयाबद्दल साखर वाटत होते. ऐंशी पाने रद्दीत घातली आणि दुसऱ्या वेळी आराखडा करूनच बसलो.

तिथीपाल: त्याच दुसऱ्या खर्ड्यातले एक प्रकरण आपण येथे दिले होते. त्यात लढाईच्या दिवशी पहाटे भाऊसाहेब दुधाळ चांदण्यात पत्र वाचतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पौष शुद्ध अष्टमी होती. म्हणजे आदल्या रात्रीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारासच मावळलेला. ऐतिहासिक कादंबरीकार पंचांग उघडत नाहीत, ही माझी वीस वर्षांची तक्रार आहे.

दौत: छावणीत मशालीही असतात.

तिथीपाल: मशालीच्या उजेडाला दुधाळ म्हणत नाहीत. शिवाय याच प्रकरणात दोन रात्री आधी आपण चंद्रच उगवू दिलेला नाही.

कासव: म्हणजे आराखड्याने सरदार सावरले आणि आकाश निसटले!

दौत: आपल्या आत्याबाईंना आकाशाची गरज पडली नसावी. ज्याला सनावळी सांभाळायचीच नाही त्याने टाळ्या पिटणे सोपे आहे.

कासव: सनावळीला माझा विरोध कधीच नव्हता, मेलेला माणूस साखर वाटू नये, एवढे मलाही कळते. पण भाऊसाहेबांना त्या पहाटे काय वाटले हेही आपण तक्त्यात आधीच भरून ठेवले होते ना? म्हणूनच ते पत्र कुणी तोंडपाठ म्हणावे तसे वाचतात.

दौत: भरले होते. तो रकाना खोडतो, आपल्या समाधानासाठी.

तिथीपाल: आणि चांदणे?