कॅलिपर बसला म्हणजे जुळला असे नव्हे

ब्रेकचा कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पिस्टनांच्या जोराने दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग. जुन्या गाडीच्या मूळ १२ मिमी जाडीच्या भरीव डिस्कवर २० मिमी डिस्कसाठी घडवलेला चार पिस्टनचा कॅलिपर चालेल का, या प्रश्नावर ‘बोल्टची छिद्रे जुळतात, म्हणजे चालेल’ असे उत्तर काही जण देतात. त्याच्याशी मी सहमत नाही. जाडीतला हा ८ मिमीचा फरक दोन्ही बाजूंच्या पिस्टनांना प्रत्येकी ४ मिमी अधिक बाहेर येऊन भरून काढावा लागतो, आणि पॅड झिजत आल्यावर पिस्टन आपल्या सिलिंडरमधून इतका बाहेर येतो की तो तिरका होण्याची किंवा सीलमधून ब्रेक ऑइल गळण्याची शक्यता निर्माण होते.

डिस्कच्या व्यासाचेही तसेच आहे. पॅडचा वरचा काठ डिस्कच्या बाहेर राहिला, तर तेवढा भाग झिजत नाही. तिथे कंगोरा तयार होतो आणि कालांतराने समोरासमोरचे दोन कंगोरे एकमेकांना टेकून ब्रेकचा जोर कमी करतात. पॅडला शाई लावून चाक हाताने फिरवले, की संपर्काचा पट्टा स्पष्ट दिसतो. (कॅलिपर आणि रिम यांच्यामधली मोकळी जागाही त्याच वेळी पाहून घ्यावी.)

मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल कॅलिपरकडे ढकलणाऱ्या भागाचा, विचार मात्र बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात. मास्टर सिलिंडर आणि पुढच्या कॅलिपरमधील पिस्टनांची संख्या तीच ठेवून पिस्टनचा व्यास ३८ मिमीवरून ४२ मिमी केला, तर क्षेत्रफळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. पेडल अधिक खोल जाते आणि ब्रेकचा समतोल पुढच्या चाकांकडे झुकतो. माझ्या मते आधी डिस्क ठरवावी, मग कॅलिपर.