एकच प्लांट, पाच बिल्डिंगी

सेक्रेटरी: नमस्कार, रविवारच्या मीटिंगआधी बिल्डरच्या प्रेझेंटेशनचं पान ११ सगळ्यांनी बघा. पाचही नव्या बिल्डिंगींना मिळून एकच कूलिंग प्लांट, घराघरात गार पाण्याची पाइपलाइन, खिडकीबाहेर एसीचे डबे नाहीत. मतं इथेच टाका, गुड मॉर्निंगचे फोटो नकोत.

ए-१०४ काकू: म्हणजे नळाला गार पाणी येणार का?

बी-७०२: नाही हो काकू 😄 ते बंद पाइपातलं पाणी. ६-७ डिग्रीला घरात येतं, खोलीतल्या युनिटमधून फिरत गरमी ओढून घेतं नि १२-१३ ला प्लांटकडे परत. आपल्या साध्या स्प्लिट एसीला एका टनामागे तासाला १ युनिटच्या आसपास वीज लागते, प्लांटमधला मोठा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मशीन, तेच ०.६ मध्ये करतो. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत आहे हे, पाणी आधी गार करून टाकीत साठवायची सोयपण आहे तिथे.

सी-३०१: मग घेऊन टाकूया की! माझ्या आउटडोअर युनिटवर कबुतरांनी संसार थाटलाय, दर मेमध्ये गॅस भरायचा खर्च वेगळाच

बी-७०२: जरा थांबा, ०.६ नुसत्या चिलरचं. पंप आणि गरमी बाहेर सोडणाऱ्या कूलिंग टॉवरचे पंखे धरा की ते ०.८ च्या पुढे जातं, आणि जमिनीतल्या पाइपात पाणी थोडं तापतं ते वेगळं. खरी बचत कुठे होते, तर ऑफिसं दिवसा चालतात नि घरं रात्री, म्हणून दोघांना मिळून लहान प्लांट पुरतो. आपल्याकडे नुसती घरं, दहा वाजले की पाचही बिल्डिंगींचे एसी एकदम सुरू, आणि दुपारी काकूंच्या एका खोलीसाठी पंप फिरत बसणार

ए-१०४ काकू: मी दुपारी पंखाच लावते.

ई-६०३: आणि माझा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी आहे त्याचं काय, तो आत्ताच एका युनिटच्या खाली चालतो

डी-५०४: बिलाचंही बोला. माझा भाऊ दुबईला असतो, त्यांच्या टॉवरला हेच आहे. गणपतीला महिनाभर इकडे आला, तिकडचं घर बंद, परत गेला तर कूलिंगचं बिल हजर. वापर शून्य आणि डिमांड चार्ज पूर्ण. घर बंद होतं म्हटलं तर म्हणे तुमच्या नावाने टन राखून ठेवलेत, त्याचे पैसे

सी-३०१: पॅरिसला सीन नदीचं पाणी वापरतात, टोरंटोला तलावाचं. आपल्याला तर समुद्र आहे

बी-७०२: टोरंटोवाले तलावात ८३ मीटर खालून ४ डिग्रीचं पाणी उचलतात. आपला समुद्र मेमध्ये ३० च्या घरात, त्यात प्लांटची गरमी सोडता येईल पण फुकटची थंडी मिळणार नाही. म्हणून कूलिंग टॉवर आला, आणि टॉवर पाणी पितो. टनामागे तासाला ६-७ लिटर वाफ होऊन जातं, ५०० टन रात्रभर चालले तर अडीच टँकर!! मेमध्ये प्यायच्या पाण्यासाठी टँकर मागवताना आपलं काय होतं ते आठवा

ई-६०३: एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी साफ करून मिळालेलं पाणी वापरता येतं की

बी-७०२: येतं. पण नीट साफ झालं नाही तर चिलरच्या नळ्यांना आतून क्षार धरतात, मग ०.६ फक्त प्रेझेंटेशनमध्ये. मी विरोधात नाही, दोन गोष्टी लेखी द्या म्हणतोय. पंपबिंप सगळं धरून वर्षाची सरासरी टनामागे किती युनिट, आणि तेवढी नाही आली तर जादा वीज कोण भरणार. शिवाय प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर हवा, स्क्वेअर फुटावर वाटणी चालणार नाही

सेक्रेटरी: नोंद केली. डिमांड चार्जचं पण विचारतो.

ए-१०४ काकू: प्लांट बसणार कुठे ते कोणी बघितलं का

सेक्रेटरी: पान १४ वर नकाशा आहे काकू.

ए-१०४ काकू: बघितला. ए विंगच्या मागे. माझ्या बेडरूमखाली.